ऑफसीझनमध्ये बास्केटबॉलचं शूटिंग खरंच सुधारतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की मला मेसेज सुरू होतात. कुणाला आपल्या आवडत्या खेळाडूचा सरावाचा व्हिडिओ सापडलेला असतो, कुणाला या वर्षी तो चाळीस टक्क्यांनी थ्री (लांबच्या रेषेबाहेरून तीन गुणांची बास्केट) मारणार याची खात्री वाटत असते. रविवारी दादरला आमच्याकडे सरावाला येणारी मुलं, त्यांचे आईबाबा आणि पहाटे उठून एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बघून मग लोकल पकडणारे मित्रमैत्रिणी, सगळे तेच प्रश्न फिरूनफिरून विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः विद्यापीठाच्या संघाकडून खेळले आणि गेली बरीच वर्षं मुलांना शिकवते. उत्तरं त्या अनुभवातून आली आहेत.

१. ताई, ऑफसीझन म्हणजे नक्की कधी? तेव्हा तर खेळाडू सुट्टीवर असतात ना?

एनबीएचा सीझन ऑक्टोबरात सुरू होतो. प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, ते एप्रिलच्या मध्यावर संपतात आणि प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीच्या पुढच्या फेऱ्या, जूनपर्यंत चालतात. सप्टेंबरअखेर पुन्हा सरावाचा कॅम्प लागतो. म्हणजे प्लेऑफ न गाठलेल्या खेळाडूला जवळजवळ साडेपाच महिने मिळतात, तर अंतिम फेरी खेळलेल्याला जेमतेम तीन. त्यातले पहिले काही आठवडे खरोखर विश्रांतीचे असतात, आणि असायलाच हवेत. सीझनमध्ये जवळपास दिवसाआड सामना आणि मध्ये विमानप्रवास असतो. तेव्हा शॉट टिकवता येतो, नव्याने बांधता येत नाही. मोठा बदल करायचा तर याच महिन्यांत. आपल्याकडे नेमका तेव्हाच पावसाळा असतो, त्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

२. शूटिंग सुधारतात म्हणजे बदलतात काय? बॉल रिंगमध्येच तर टाकायचा असतो.

रिंगचा व्यास सुमारे ४५ सेंटीमीटर आणि मोठ्या बॉलचा साधारण २४. वरून पाहिलं तर जागा भरपूर दिसते. पण बॉल वरून सरळ खाली येत नाही, तिरका येतो, आणि तिरक्या येणाऱ्या बॉलला रिंग लंबगोल दिसते. ४५ अंशांत उतरणाऱ्या बॉलला सुमारे ३२ सेंटीमीटरची वाट मिळते, ३५ अंशांत २६ची आणि ३० अंशांत २३ची, म्हणजे बॉलपेक्षाही कमी. सपाट शॉट रिंगला आपटतो तो म्हणूनच, नशीब वाईट असतं म्हणून नाही. पुष्कळ खेळाडूंचं पहिलं काम कमान उंचावण्याचं असतं.

दुसरं काम दुसऱ्या हाताचं. तो हात फक्त आधाराला असतो. बॉल सुटताना त्याच्या अंगठ्याने किंचित ढकललं तरी दिशा बिघडते. माझ्याकडे एक मुलगी होती, बॉल सतत उजवीकडे जायचा. कोपर ठीक, पाय ठीक, उडी ठीक. मग मी रिंगकडे बघणं सोडून हवेतल्या बॉलकडे बघायला लागले. बॉलवरच्या काळ्या रेषा सरळ मागे फिरायला हव्यात, तिच्या बॉलवर त्या डुलत होत्या, कलत्या भोवऱ्यासारख्या. डाव्या हाताचा अंगठा! आम्ही तो अंगठा चिकटपट्टीने शेजारच्या बोटाला बांधला आणि ती दोन आठवडे तशीच खेळली. रेषा सरळ झाल्या. तुम्हीही टीव्हीवर स्लो मोशनमध्ये शॉट दाखवतील तेव्हा बॉलवरच्या रेषा बघा, बरंच काही कळतं.

बाकी पायांची ठेवण, बॉल वर नेण्याचा वेग आणि बॉल सोडायची जागा. व्यावसायिक खेळाडूच्या शॉटमध्ये यातली एखादीच गोष्ट, तीही चार बोटांनी बदलते.

३. एका ऑफसीझनमध्ये किती सुधारणा होऊ शकते?

सर्वसाधारणपणे थोडी. दोन-तीन टक्के वाढले तरी ते मोठं काम समजा. पण मोठी उदाहरणंही आहेत.

ब्रुक लोपेझने पहिल्या आठ सीझनमध्ये मिळून फक्त ३ थ्री मारले होते. २०१६-१७ मध्ये त्याने ३८७ टाकले आणि १३४ मारले, ३४.६ टक्के. सात फुटी सेंटर माणूस (सेंटर म्हणजे एरवी रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू), वय २८. कवाय लेनर्ड सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात दोन वर्षांत थ्रीवर २५ टक्के होता. जून २०११ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, निवडला गेला, १ जुलैपासून लीगचं लॉकआउट (मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे टाळेबंदी) लागलं. मधल्या थोड्या दिवसांत त्याच्या नव्या संघाचे, स्पर्सचे, शूटिंग कोच चिप एंगेलंड यांनी त्याच्यासोबत काम केलं आणि पुढचे महिने तो स्वतः ते घोटत बसला. पहिल्याच सीझनला ३७.६ टक्के, आणि तेही कॉलेजपेक्षा लांबच्या रेषेवरून.

पण मला सर्वांत शिकण्यासारखी वाटतात ती संथ उदाहरणं. कार्ल मलोन पहिल्या वर्षी फ्री थ्रोवर (फाउल झाल्यावर मिळणारा, कुणी न अडवता टाकायचा शॉट) ४८.१ टक्के होता. मग जवळजवळ ६०, मग ७०, चौथ्या वर्षी ७६.६. चार वर्षं, तीन ऑफसीझन. एका उन्हाळ्यात जादू झाली असं त्यात कुठेच नाही. म्हणूनच ते पटतं.

४. व्हिडिओत तर एकामागून एक वीस शॉट टाकतो. मग सीझनमध्ये काय होतं त्याला?

रिकाम्या हॉलमध्ये एकाच जागी उभं राहायचं, समोरून कुणीतरी नीट छातीवर पास देतंय, अंगावर धावून येणारा नाही, दमछाक नाही. अशा वेळी व्यावसायिक खेळाडूंमधले कच्चे शूटरसुद्धा ओळीने बास्केट करतात. व्हिडिओ खोटा नसतो. तो वेगळ्या परिस्थितीचा असतो, आणि कुठला भाग दाखवायचा हे टाकणारा ठरवतो.

बेन सिमन्सचं २०१९ आठवा. पहिल्या दोन सीझनमध्ये एकही थ्री नाही. त्या उन्हाळ्यात त्याचे सरावाचे व्हिडिओ फिरले आणि सगळे हरखून गेले, मीही. ऑक्टोबरात सीझनपूर्व सामन्यात एक थ्री गेला, मग २० नोव्हेंबरला न्यूयॉर्क निक्स संघाविरुद्ध खऱ्या सामन्यातला पहिला. प्रेक्षकांनी तो विजेतेपदासारखा साजरा केला. आणि सबंध सीझनचा हिशोब? ७ टाकले, २ गेले. हात तयार झाला असेलही, पण सामन्यात टाकायचं मन तयार नव्हतं. ते व्हिडिओत दिसत नाही.

५. मग खरी सुधारणा ओळखायची कशी?

मी चार गोष्टी बघते, याच क्रमाने.

आधी फ्री थ्रो. अंतर ठरलेलं, समोर कुणी नाही, घाई नाही, त्यामुळे हात सुधारला असेल तर तो आधी इथे दिसतो. लॉन्झो बॉल या खेळाडूकडे बघा: २०१८-१९ मध्ये फ्री थ्रो ४१.७ टक्के, पुढच्या वर्षी ५६.६, त्यापुढे ७८.१. थ्रीची टक्केवारीही याच काळात ३२.९ वरून ३७.८ वर गेली आणि २०२१-२२ मध्ये ४२.३ झाली. फ्री थ्रो मागे आणि थ्री एकदम पुढे असं दिसलं तर मी वाट बघते.

दुसरी गोष्ट, तो टाकतो किती. न कचरता टाकणं ही अर्धी सुधारणा आहे. तिसरी, बॉल हातात आल्यापासून सुटेपर्यंत किती वेळ लागतो. चौथी, समोरचा त्याला किती मोकळा सोडतो. एनबीएच्या आकडेवारीत जवळचा बचावपटू सहा फुटांहून लांब असेल तर तो शॉट पूर्ण मोकळा धरतात. बचावपटू हळूहळू जवळ येऊ लागले, तर समजा त्यांच्या कोचनेही सुधारणा मान्य केली आहे. त्याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

६. पहिल्या दहा सामन्यांत ४५ टक्के थ्री! आता तर सुधारला म्हणायचं ना?

अजून नाही. दहा सामन्यांत रोज चार म्हणजे ४० शॉट. खरी ताकद ३५ टक्के असलेले आठ खेळाडू घेतले, तर त्यातला एक जण ४० पैकी १८ किंवा जास्त केवळ योगायोगाने मारेल. म्हणजे ४५ टक्के. आणि त्याच न्यायाने एखादा २५ टक्क्यांवर अडकेल आणि लोक त्याला नावं ठेवतील.

१०० शॉट झाल्यावरही ३५ टक्क्यांचा खेळाडू साधारण २५ ते ४५ मध्ये कुठेही दिसू शकतो. ४०० झाल्यावर ही रुंदी ३० ते ४० वर येते. म्हणून मी जानेवारीअखेरपर्यंत थ्रीच्या टक्केवारीवर कुणाशी वाद घालत नाही. तोवर प्रश्न ५ मधल्या गोष्टी बघते.

७. शॉट बदलला की आधी बिघडतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. जुनी सवय सुटलेली असते आणि नवी बसलेली नसते. स्टेफन करी शाळेत असताना बॉल कमरेजवळून फेकायचा. वडील डेल करी स्वतः एनबीएचे शूटर. त्यांनी एका उन्हाळ्यात मुलाचा शॉट डोक्याच्या वर नेला. त्या काळात तो रिंगच्या जवळूनच टाकत होता, लांबून बॉल पोचतच नव्हता. त्याच मुलाने २०१५-१६ मध्ये एका सीझनला ४०२ थ्री मारले.

प्रश्न ५ मधला लॉन्झो बॉलसुद्धा ४५.१ वरून आधी ४१.७ वर घसरला होता. त्या वर्षी त्याच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते आठवलं की वाईट वाटतं.

८. दिवसाला किती शॉट टाकायचे? आमचे सर पाचशे सांगतात.

पाचशे टाकायचे की पाचशे बास्केट करायच्या, हे आधी सरांना विचारा. फार फरक आहे. आणि चुकीच्या अंगठ्याने टाकलेले पाचशे शॉट चूक पक्की करतात. शाळेतल्या मुलांना मी दीडशे-दोनशे सांगते, पण प्रत्येक शॉट सामन्यात जसा येतो तसा: धावत येऊन, पास घेऊन, जागा बदलून. शेवटी दम लागलेला असताना दहा फ्री थ्रो.

आणि सरावात काहीतरी पणाला लावा. शिवाजी पार्कवर आचरेकर सर स्टंपवर नाणं ठेवायचे. सचिनला कुणी बाद केलं नाही तर नाणं सचिनचं, बाद केलं तर गोलंदाजाचं. नेट तेच आणि बॅटही तीच, पण तेवढ्याने सरावाला सामन्याची धार यायची. आमच्याकडे शेवटचे दोन फ्री थ्रो चुकले तर सगळ्यांना एक फेरी. बाकीच्यांचे डोळे आपल्यावर आहेत ही जाणीव हातात उतरते, तिची सवय करून घ्यावी लागते.

९. कोट्यवधी कमावणाऱ्यांना साधा फ्री थ्रो का जमत नाही?

४.५७ मीटर, समोर कुणी नाही, तरी शकील ओ'नीलची कारकीर्दभराची सरासरी ५२.७ टक्के. मोठा तळहात, लांब हात, रोज धक्के खाणारं शरीर, हे सगळं आहेच. पण मनाचा भाग मोठा.

विल्ट चेंबरलेन १९६१-६२ मध्ये खालून, दोन्ही हातांनी फ्री थ्रो टाकायचा. २ मार्च १९६२ ला त्याने १०० गुण केले त्या सामन्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो गेले. पुढे त्याने ती पद्धत सोडली, कारण तसं टाकताना बायकी दिसतं असं त्याला वाटायचं. रिक बॅरी मात्र खालूनच टाकत राहिला, एनबीएत ८९ टक्क्यांहून जास्त. लोक काय म्हणतील याची भीती आकड्यांवर किती परिणाम करते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आणि यानिस आंतेतोकूंपो. २०२१ च्या प्लेऑफमध्ये तो फ्री थ्रोला फार वेळ घ्यायचा, म्हणून विरोधी प्रेक्षक एक-दोन-तीन असे आकडे मोठ्याने मोजायचे (एनबीएत दहा सेकंद मिळतात, फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात पाचच). त्या प्लेऑफमध्ये त्याची टक्केवारी ५८.७ होती. अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात त्याने १९ पैकी १७ मारले, ५० गुण केले आणि त्याच्या मिलवॉकी संघाने विजेतेपद जिंकलं. आपल्याकडे सकाळ होती. मी स्वयंपाकघरात उभी होते आणि प्रत्येक फ्री थ्रोला गॅस बारीक करत होते.

१०. एनबीएची थ्रीची रेषा आणि आपली रेषा एकच का?

नाही. एनबीएची समोरून ७.२४ मीटर, कोपऱ्यात ६.७१. आपल्याकडे फिबाची: ६.७५ आणि कोपऱ्यात ६.६०. समोरून जवळजवळ अर्ध्या मीटरचा फरक आहे, कोपऱ्यात मात्र अकराच सेंटीमीटर. म्हणून शॉट बांधत असलेल्या एनबीए खेळाडूला आधी कोपऱ्यात उभं करतात. इतर लीगमधली किंवा देशाकडून खेळतानाची टक्केवारी एनबीएच्या शेजारी ठेवून तुलना करू नका.

११. शूटिंग सुधारलं पण टक्केवारी घसरली, असं होऊ शकतं?

होतं, आणि चाहते इथेच सर्वांत जास्त फसतात. प्रश्न ३ मधला लोपेझ घ्या. थ्री टाकायला लागला त्या वर्षी त्याची एकूण टक्केवारी ५१.१ वरून ४७.४ वर आली. बिघडला? थ्रीला तीन गुण मिळतात. ३४.६ टक्के थ्री म्हणजे दर शॉटमागे १.०४ गुण, दोन गुणांच्या शॉटवर ५२ टक्के मारल्यासारखं. शिवाय तो बाहेर उभा राहिला की विरोधी सेंटरलाही बाहेर यावं लागतं आणि रिंगखालची जागा सहकाऱ्यांना मोकळी होते.

दुसरं कारण म्हणजे शूटर म्हणून नाव झालं की मोकळे शॉट मिळणं कमी होतं. तोच हात, पण आता अंगावर माणूस. टक्केवारी जागेवर राहिली तरी ती प्रगती असते.

१२. तिशीनंतर शॉट सुधारतो का?

सुधारतो. उडी आणि वेग उतरणीला लागतात, हात लागत नाही. जेसन किड पहिल्या वर्षी थ्रीवर २७.२ टक्के होता. २००९-१० मध्ये, छत्तिशीत, ४२.५. पुढच्याच वर्षी डॅलसबरोबर विजेतेपद.

१३. एवढा वेळ, एवढे कोच, तरी सुधारला नाही म्हणजे आळशीच ना?

कृपा करून असं लिहू नका. मार्केल फुल्ट्झ २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. कॉलेजात थ्रीवर ४१ टक्के मारणारा मुलगा. काही महिन्यांत त्याचा शॉट ओळखू येईना. हात मध्येच अडकल्यासारखा थांबायचा आणि त्याचे फ्री थ्रो जगभर हसण्याचा विषय झाले. डिसेंबर २०१८ मध्ये निदान झालं, थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या जागेत नसा दाबल्या जाणं. वर्षभर लोक ज्याच्या मनाला दोष देत होते, त्याचा खांदा दुखावलेला होता.

माझी गोष्ट फार लहान आहे. कॉलेजात असताना एका स्पर्धेच्या मधोमध आमच्या प्रशिक्षकांनी मला कोपर आत घ्यायला सांगितलं. सल्ला बरोबर होता, वेळ चुकीची. पुढच्या तीन सामन्यांत माझे किती एअरबॉल (रिंगलाही न लागणारे शॉट) गेले ते मी मोजले नाहीत, बाकावरच्या मुलींनी मोजले. त्यानंतर वर्षभर बॉल हातात आला की मी पास शोधायचे. मोकळी उभी असतानाही. शॉट परत आला, पण त्याआधी टाकायची हिंमत परत यावी लागली, आणि त्याला जास्त वेळ लागला. म्हणून कुणी टाकायला कचरताना दिसलं की मला तो आळस वाटत नाही.

१४. मग चाहत्यांनी अपेक्षाच ठेवायची नाही का?

ठेवायची, खुशाल ठेवायची. फक्त कशाची ते ठरवा. टक्केवारी त्याच्या हातात नसते, टाकणं असतं. मोकळा असताना टाकलाच पाहिजे ही अपेक्षा मी हक्काने ठेवते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळले, भारतातले एनबीएचे पहिले सामने. पहिल्याला हजारो शाळकरी मुलं आली होती, आणि पेसर्स जादा वेळेत १३२-१३१ असे जिंकले. दुसऱ्या दिवशी मी होते. सामन्याआधी खेळाडू शूट करत होते तेव्हा मी शक्य तितकी पुढे जाऊन उभी राहिले. एक जण कोपऱ्यातून टाकत होता. चुकला की चेहऱ्यावर काही नाही, गेला तरी काही नाही, पुढचा बॉल मागायला हात आधीच वर. माझ्या शेजारचा दहाएक वर्षांचा मुलगा प्रत्येक चुकलेल्या शॉटला "अरेरे" म्हणत होता. पाच-सहा शॉटनंतर तोही गप्प झाला आणि नुसता त्याच्या हाताकडे बघायला लागला.

१५. ताई, जूनपासून कोर्ट ओलं असतं. आमचा ऑफसीझन वायाच जातो. काय करू?

उघड्या कोर्टवर शेवाळ धरलं असेल तर उतरू नका. घोटा मुरगळला तर वर्ष जातं. ओला बॉल जड होतो आणि बोटांवरून सटकतो, त्याने शिकलेलं उन्हात उपयोगी पडत नाही. जवळपास बंदिस्त हॉल असेल तर चौकशी करा, आठवड्यातून एक तास मिळाला तरी पुरे.

बाकी दिवस घरात. जमिनीवर पाठ टेकून झोपा, एका हाताने बॉल छताकडे सरळ वर सोडा आणि त्याच हातात परत झेला. बॉल चेहऱ्यावर पडला तर समजा कोपर बाहेर गेलं होतं. काळ्या रेषांकडे लक्ष ठेवा (प्रश्न २). रोज शंभर. आवाज होत नाही, खालच्या मजल्यावरचे वर येत नाहीत. मग भिंतीसमोर उभं राहून बॉल न घेता नुसती उडी आणि हात, आरशात बघत.

गणपती गेले, कोर्ट वाळलं, की थेट रेषेवर जायचा मोह होईल. जाऊ नका. रिंगपासून दोन पावलांवर उभे राहा आणि रिंगला न लागता सलग पाच गेले की एक पाऊल मागे. बहुतेक मुलांना फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे लागतात. येताना हवा भरायचा पंप आणा, पावसाळाभर पडून राहिलेला बॉल बसलेला असतो.